प्रभात रोडची सावली: विकत घ्यावी की भाड्याने?

प्रश्न: पुण्यात वाकडला आमचा टू बीएचके आहे, २०१७ साली ६२ लाखांना घेतलेला. आज त्याचे ९५ लाख येतील. कर्ज १८ लाख उरलंय, हप्ता २४ हजार. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल, मुलगा दीड वर्षाचा. प्रभात रोडच्या एका गल्लीत ३५ वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके १ कोटी ६५ लाखांना मिळतोय. खिडकीतून नुसती झाडं दिसतात. आई कोथरूडला, माझं ऑफिस शिवाजीनगरला. ह्यांना हिंजवडीला आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं. दोघांचा मिळून हातात १ लाख ९० हजार पगार येतो, घरखर्च ८५ हजार, एसआयपी ४० हजार. म्युच्युअल फंडात २४ लाख आहेत. वाकडचं घर विकून ९० लाखांचं कर्ज काढावं का? रविवारी दोन लाख टोकन द्यायचं ठरलंय.

नमस्कार ताई,

उत्तर आधीच सांगते. प्रभात रोडला जरूर जा, आणि जूनच्या आधीच जा. पण भाड्याने जा. वाकडचं घर विकू नका आणि रविवारचं टोकन थांबवा.

तुमची ओढ मला मनापासून पटते. आई हाकेच्या अंतरावर, संध्याकाळी कमला नेहरू पार्क, रविवारी सकाळी मुलांना घेऊन टेकडी, नळ स्टॉपवरून मेट्रो. वाकडहून रोज शिवाजीनगर गाठताना दिवसाचे दोन-अडीच तास जात असणार. दीड वर्षाच्या बाळाच्या आईसाठी ते तास म्हणजे काय असतात, हे मला वेगळं सांगायला नको. म्हणून "आहे तिथेच राहा, पैसे साठवा" असा सल्ला मी देणार नाही. मुलं लहान असण्याची वर्षं साठवून ठेवता येत नाहीत.

पण जी सावली तुम्हाला हवी आहे ती नक्की कुणाची, हे एकदा बघा. तुमचं पत्र आल्यावर मी शनिवारी सकाळी त्या भागात पायी फिरून आले. एका गल्लीत रस्त्यावर कमान धरून उभी असलेली तीन झाडं बंगल्यांच्या कुंपणाच्या आतली होती. त्यातल्या एका बंगल्याला हिरवे पत्रे लागलेले, फाटकावर बिल्डरचा फलक, आत जेसीबी. पलीकडच्या सोसायटीच्या भिंतीवर "आमचा पुनर्विकास" असा नवाकोरा बॅनर होता. खिडकीतून दिसणारं झाड खरेदीखतात नसतं. शेजारच्या प्लॉटवर दहा मजले चढले की तुमच्या घरात ऊन येईल की नाही, हे तुमच्या हातात राहत नाही. पन्नास वर्षांवरच्या झाडांना २०२१ च्या कायदादुरुस्तीने वारसा वृक्ष म्हणून जास्तीचं संरक्षण मिळालंय, तरी त्यावर विसंबून दीड कोटी कुणी गुंतवू नयेत.

आता आकडे. वाकडच्या घराचे ९५ लाख, त्यातून कर्जाचे १८ गेले की ७७ उरतात. त्यात ९० लाखांचं कर्ज धरून १ कोटी ६७ लाख होतात, म्हणजे घर बसलं, असा तुमचा हिशोब आहे. पण पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेअकरा लाख. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर १ टक्का सवलत मिळेल आणि १ लाख ६५ हजार वाचतील, पण तेवढंच. नोंदणी ३० हजार. दोन्ही व्यवहारांची दलाली अडीच लाखांच्या पुढे. सोसायटीची हस्तांतरण रक्कम २५ हजारांपर्यंत. पस्तीस वर्षं जुन्या घराचं प्लंबिंग, वायरिंग आणि दोन्ही न्हाणीघरं केल्याशिवाय लहान मुलं घेऊन तिथे राहता येणार नाही. त्याचे मी कमीत कमी नऊ लाख धरते. ती सवलत धरूनही सगळं मिळून २२ लाखांचं भगदाड पडतं, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. बँक मुद्रांक शुल्कासाठी कर्ज मोजत नाही. म्हणजे हे पैसे म्युच्युअल फंडातल्या २४ लाखांतूनच जाणार. ती मुलांच्या शिक्षणाची आणि अडीनडीची एकमेव पुंजी आहे.

पुढे हप्ता. साडेआठ टक्के दराने, २० वर्षांसाठी ९० लाखांवर महिना सुमारे ७८ हजार. घरखर्चाचे ८५ हजार वजा केले की हातात २७ हजार राहतात. त्यात शाळेची फी, पाळणाघर, वर्षाचे विम्याचे हप्ते. एसआयपी बंद पडणारच. दोघांपैकी एकाची नोकरी तीन महिने गेली तर? हा प्रश्न तुम्ही दोघांनी एका संध्याकाळी कागद घेऊन सोडवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वजावटही मिळत नाही.

याउलट भाडं बघा. त्याच भागातल्या दोन एजंटांना मी विचारलं. तशाच जुन्या टू बीएचकेचं भाडं ४२ हजारांच्या आसपास आहे. वर्षाला पाच लाख, म्हणजे १ कोटी ६५ लाखांवर जेमतेम ३ टक्के. कर्जाचं पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच साडेसात लाखांच्या पुढे जातं. जे तुम्हाला तीन टक्क्यांनी वापरायला मिळतंय, ते साडेआठ टक्क्यांनी पैसे उचलून विकत का घ्यायचं? वाकडचं घर २७ हजारांनी गेलं तर मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि मधले रिकामे दिवस धरून २२ हजार हाती लागतील. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा आकार लावेल, पण तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. जास्त मागितला तर नियम दाखवा. म्हणजे प्रभात रोडला राहण्याची खरी किंमत महिना २० हजार. एसआयपी चालू, २४ लाख शाबूत, शिवाय वाकडचा हप्ता भरून हाताशी २१ हजार. वाकडवरून हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोची मार्गिका जाते, तेव्हा ते घर घाईने काढून टाकण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात जोरदार मुद्दाही मांडते, कारण तुमचे मिस्टर तो नक्की काढतील: "तीन वर्षांत भाव हाताबाहेर जातील." समजा दोन्हीकडे वर्षाला ६ टक्क्यांनी भाव वाढले. प्रभात रोडचं घर १ कोटी ९६ लाखांवर जाईल, वाकडचं १ कोटी १३ लाखांवर. अंतर साधारण १३ लाखांनी वाढेल. पण ७८ हजारांच्या हप्त्याऐवजी वाकडचा हप्ता २४ आणि भाड्याचा फरक २० असे ४४ हजारच जातात, म्हणजे भाड्याने राहून तुमचे महिन्याला ३४ हजार वाचतात, तीन वर्षांत सव्वाबारा लाख. जवळजवळ बरोबरी. फरक एवढाच, की एका वाटेवर तुम्ही रोज रात्री हप्त्याची चिंता घेऊन झोपाल आणि दुसरीवर तुमची पुंजी जागेवर असेल. तीन वर्षांनी वाकडचं कर्जही साडेतेरा लाखांच्या आत आलेलं असेल.

पुनर्विकासाची आशा धरून जुनं घर घेणारे बरेच भेटतात. नवं, मोठं घर मिळेल हे खरंही ठरतं. पण विकणाऱ्याने ते भावात आधीच धरलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाने असंच घर घेतलं. चौदा महिन्यांत सोसायटीचा ठराव झाला, इमारत रिकामी झाली, आणि मग बिल्डरकडून येणारं भाडं दोनदा थांबलं. हप्ता मात्र एकदाही थांबला नाही. त्यांची मुलगी तेव्हा तिसरीत होती आणि त्या काळात तिने दोन घरं बदलली. ज्या स्थैर्यासाठी तुम्ही तिकडे जाताय, नेमकं तेच तिथे विकत मिळेल याची खात्री नाही.

भाड्याने राहताना खरी भीती असते ती मालक मध्येच उठवण्याची. त्यावर उपाय आहे. नेहमीचा अकरा महिन्यांचा करार करू नका. लिव्ह अँड लायसन्स ३६ महिन्यांचा करा, दरवर्षी ५ टक्के वाढ लिहून द्या आणि त्या बदल्यात मालकालाही लॉक-इन लागू करा, म्हणजे मुदतीआधी त्याला करार मोडता येणार नाही. असा करार नोंदवणं कायद्याने बंधनकारकच आहे, खर्चही फार नाही. घर निवडताना सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून गेल्या दोन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं बघायला मागा. त्यात पुनर्विकास, सल्लागाराची नेमणूक किंवा निविदा यांपैकी काहीही दिसलं तर ती इमारत सोडून द्या, खिडकीतून कितीही झाडं दिसोत. आणि पावसाळा नसला तरी शेवटच्या मजल्यावरच्या खोल्यांची छतं हाताने चाचपून बघा.

टोकन अजून दिलं नसेल तर मालकांना आजच फोन करून नम्रपणे नाही म्हणा. दिलं असेल तर पावती आणि त्यावर लिहिलेल्या अटी मला पाठवा, पैसे परत मिळण्याबद्दल त्यात काय म्हटलंय ते आधी बघू.