तीन वर्षांनी स्टेलारिस परत उघडला, वसाहती आणि अर्थकारण काहीच कळत नाही. पुन्हा शिकावं की सोडून द्यावं?

तुम्ही लिहिलंय की २०२२ नंतर स्टेलारिस, म्हणजे अंतराळात साम्राज्य उभारायचा हा गेम, उघडलाच नव्हता, आता उघडला तर ग्रहाचा स्क्रीनच ओळखू येत नाही, मिनरल सतत लाल, म्हणजे तुटीत, असतात आणि ट्रेड नेमका कशाला लागतो ते समजत नाही. इथपर्यंत वाचून मी पुढे गेलो असतो. पण शेवटी तुम्ही म्हणता, "एखादं चांगलं बिल्ड सांगा, डोळे मिटून तसंच करतो." त्या वाक्यासाठी लिहायला बसलोय.

बिल्ड, म्हणजे काय कुठल्या क्रमाने बांधायचं ती तयार यादी, सांगणार नाही. पुन्हा शिका, हे माझं उत्तर. का, ते सांगायला मला २०१९च्या पावसात जावं लागेल.

मी पहिल्या वर्षापासून, म्हणजे २०१६पासून स्टेलारिस खेळतोय. तेव्हा ग्रह म्हणजे चौकोन होते. जास्तीत जास्त पंचवीस टाइल, एका टाइलवर एक पॉप, म्हणजे लोकसंख्येचं एक एकक, आणि एक इमारत. मी त्यासाठी एक लांब वही केली होती. प्रत्येक ग्रहाचे चौकोन पट्टीने आखायचे, कुठल्या चौकोनात काय आहे ते पेन्सिलीने लिहायचं, राजधानीची इमारत कुठे ठेवली की शेजारच्या टाइलना फायदा मिळतो ते बाणाने दाखवायचं. दोन वर्षांत वही अर्ध्याहून जास्त भरली. डिसेंबर २०१८मध्ये २.२ आवृत्ती आली आणि टाइलच गेल्या. डिस्ट्रिक्ट, म्हणजे ग्रहावरचे विभाग आले, नोकऱ्या आल्या, राहायला घरं आणि अ‍ॅमेनिटीज, म्हणजे सुखसोयी आल्या. जहाजं आधी सरळ मिनरलमधून बांधायचो, आता मधे अलॉय, म्हणजे मिनरलपासून बनवायचे मिश्रधातू आले. वहीतलं एक पानही उपयोगाचं राहिलं नाही.

आता तो दिवस. १ जुलै २०१९, सोमवार. माझा धाकटा भाऊ ऐरोलीला राहतो, ऑफिस परळला. संध्याकाळी गाड्या रखडायला लागल्या तसा तो विक्रोळीला उतरला आणि आमच्याकडे, कन्नमवार नगरात आला. रात्रभर पाऊस थांबलाच नाही. मंगळवारी सरकारने मुंबईला सुट्टी जाहीर केली, सांताक्रूझला चोवीस तासांत ३७५ मिलिमीटर पडला होता, सेंट्रल बंद. घराबाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या बॅगेत लॅपटॉप होता, माझा घरी होता. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो आणि एकत्र गेम सुरू केला, दोघं एकाच बाजूला.

मला जहाजं हवी होती, म्हणून अलॉय हवे होते. महिन्याला तीस मिनरल शिल्लक पडत होते. फाउंड्री म्हणजे अलॉयचा कारखाना. एका फाउंड्रीत दोन कामगार, मेटलर्जिस्ट, प्रत्येकाला सहा मिनरल लागतात आणि तो तीन अलॉय देतो. म्हणजे एका फाउंड्रीला बारा. दोन बसतील, तिसरीला सहा कमी पडतील, ते मार्केटमधून घेऊ, असा माझा हिशेब. तीन फाउंड्र्या लावल्या.

काही महिन्यांत तीस शिल्लक होते तिथे तीस तूट दिसायला लागली. मला काही सुचेना. मार्केटमधून मिनरल घ्यायला लागलो. मार्केटची तीस टक्के फी, शिवाय दर खरेदीला भाव चढतो. एनर्जी क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, संपत आले. मग घाबरून दोन फाउंड्र्या बंद केल्या. वाटलं, माणसं मोकळी झाली, खाणीत जातील. गेली नाहीत. वरच्या कामावर चढलेला माणूस या गेममध्ये लगेच खाली उतरत नाही, काही वर्षं बेकार बसतो. ते बसले, नाराज झाले, ग्रहाची स्टॅबिलिटी पडली.

भावाचं साम्राज्य तोवर छान चाललं होतं. त्याच्या मोबाइलवर एक यादी होती, कुठल्यातरी व्हिडिओवरून उतरवलेली. या वर्षापर्यंत इतक्या खाणी, मग ही इमारत, मग ती. तो यादी बघायचा आणि बटण दाबायचा. माझा स्क्रीन बघून म्हणाला, "दादा, यादी पाठवतो, तसंच कर." मी म्हटलं, आधी मला कळू दे काय झालंय. तर म्हणाला, "तुला शिकायचंच नाहीये. तुझी वही बरोबर होती हे तुला सिद्ध करायचंय."

हे मला लागलं. का लागलं, तेही सांगतो. मी भांडुपला एका गाळ्यात स्टोअर्स सांभाळतो. पत्रा, सळ्या, बेअरिंग, सगळा कच्चा माल. त्याच वर्षी आमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर आलं आणि रॅकवरची बिन कार्डं, म्हणजे मालाची आवक-जावक लिहायची कार्डं, काढून टाकली. मी म्हटलं, तीन महिने दोन्ही चालू ठेवू. मालक म्हणाले, जुन्या माणसांना नवीन झेपत नाही. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. कॉम्प्युटरला माझा विरोध नव्हता. मालाची नोंद मशीनमध्ये चढते आणि रॅकवर खरोखर काय असतं, हे दोन्ही आपल्या डोळ्यांनी जुळवून बघितल्याशिवाय मला कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही, एवढंच. भाऊ बोलला तेव्हा मला मालकांचा आवाज ऐकू आला.

तो झोपल्यावर मी वही काढली, उलटी केली आणि मागच्या पानापासून सुरुवात केली. गेम पॉज. एकच ग्रह. पानावर तीन रकाने: आत, बाहेर, शिल्लक. बिन कार्डावर असतात तसे. आणि प्रत्येक माणसाचं नाव लिहिल्यासारखं लिहीत गेलो, हा आधी कुठे होता, आता कुठे आहे. अर्ध्या तासात सापडलं. फाउंड्री बारा मिनरल खाते हे बरोबर. पण त्यात कामाला लागलेले दोघं आकाशातून आले नव्हते. ते खाणीतले होते. एक खाणकामगार चार मिनरल काढतो, दोघांचे आठ. म्हणजे एका फाउंड्रीची खरी किंमत बारा नाही, वीस. तीन फाउंड्र्यांचे साठ. तिसातून साठ गेले, तीस तूट. अगदी आकड्याला आकडा जुळला.

टाइलच्या काळात मला हे कधी बघावंच लागलं नव्हतं. तिथे माणूस मी स्वतः उचलून चौकोनात ठेवायचो, त्यामुळे कुठून उठला ते समोर दिसायचं. नवीन पद्धतीत तो आपोआप उठतो. जुन्या खेळाडूचं चुकतं ते इथेच. नव्याला निदान शंका येते की हे लोक आले कुठून. आपल्याला शंका येत नाही, कारण आपल्या डोक्यात जुनं उत्तर तयार असतं.

सकाळी भावाला दाखवलं. तो म्हणाला, "यादीत होतंच की, फाउंड्रीच्या आधी दोन खाणी." होतं, मी नाकारत नाही. पण त्या यादीत कारण नव्हतं.

पुढे एप्रिल २०२१. इथे संचारबंदी लागली त्याच आठवड्यात ३.० आली. लोकसंख्या वाढायची पद्धत बदलली, फाउंड्रीच्या जागी इंडस्ट्रियल डिस्ट्रिक्ट आले. भावाची यादी एका रात्रीत रद्द झाली. नवी यादी यायला वेळ लागला, तोवर त्याने गेम सोडून दिला. माझी वही तशीच चालू राहिली, कारण तिच्यात ग्रहाचे आकडे नव्हते, माणूस कुठून उठला आणि कुठे गेला हे बघायची रीत होती. हे मी त्याला अजून तोंडावर म्हटलेलं नाही. इथे लिहितोय.

आता तुमचं. तुम्ही ३.x सोडून थेट ४.० नंतरच्या आवृत्तीत आलात. मे २०२५मध्ये हा बदल झाला, आणि माझ्या मते २.२ नंतरचा तो सगळ्यात मोठा. पहिलं म्हणजे पॉपचे आकडे शेकड्यात गेले, पूर्वीचा एक पॉप म्हणजे आताचे शंभर. त्याने घाबरू नका, मनात दोन शून्यं काढा. दुसरं, शहरी डिस्ट्रिक्टला झोन द्यायचा असतो, म्हणजे इथे कारखाने की संशोधन की आणखी काही, आणि मग डिस्ट्रिक्ट वाढवला की त्या झोनच्या नोकऱ्या वाढतात. तुमचे मिनरल लाल होण्याचं कारण बहुतेक इथेच असणार. तुम्ही सवयीने डिस्ट्रिक्ट वाढवताय, आणि त्याच्यामागे मिनरल खाणाऱ्या नोकऱ्या उघडतायत.

ग्रहाच्या स्क्रीनवर सिव्हिलियन म्हणून एक आकडा आहे. तो आधी बघायला शिका. ती तुमच्याकडची हाताशी असलेली माणसं. तो आकडा भरपूर असेल तर नवीन नोकऱ्या खुशाल उघडा. तो शून्याकडे आला की नवीन नोकरी माणूस ओढणार तो खाणीतून, नाहीतर शेतातून. म्हणजे परत माझे बाराचे वीस.

ट्रेडबद्दल. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी स्टारबेसने, म्हणजे अंतराळातल्या तळाने, ट्रेड गोळा करायचा, मार्गाने राजधानीला पोचवायचा, वाटेत चाचे. ते सगळं गेलं. आता ट्रेड वरच्या पट्टीत इतर मालासारखा साठतो आणि मार्केटमधली खरेदी त्यातून होते. शिवाय एखाद्या ग्रहाला लागणारा माल तिथेच तयार होत नसेल तर दर महिन्याला ट्रेडमधून खर्च पडतो, आणि आरमार घरापासून लांब गेलं की त्याचाही. मी याला टेम्पोचं भाडं म्हणतो. आमच्या गाळ्यात पत्रा कळंबोलीच्या बाजारातून येतो. पत्र्याचा भाव सगळे विचारतात, भाड्याचा हिशेब महिनाअखेरीला मलाच करावा लागतो. एक ग्रह पूर्ण खाणीचा, दुसरा पूर्ण फाउंड्रीचा, ही जुनी सवय अजूनही चालते, मोडायची गरज नाही. फक्त भाडं धरा.

काय करायचं म्हणाल तर नवीन गेम सुरू करा, जुनी सेव्ह नव्या आवृत्तीत उघडू नका. राजधानी सोडून पहिली दहा वर्षं कुठेही वसाहत करू नका. हरलात तरी चालेल, ही दहा वर्षं जिंकण्यासाठी नाहीत. काहीही बांधायच्या आधी पॉज, आत-बाहेर लिहा, बांधा, माणसं भरली की परत लिहा. तुमचा अंदाज आणि खरा आकडा यांत फरक आला की तिथेच थांबा आणि माउस नेऊन टूलटिप शेवटपर्यंत वाचा. काही खेळाडू वसाहती आपोआप चालवायला गेमकडेच देतात, तेही या दहा वर्षांत नको. दोन संध्याकाळी जातील. व्हिडिओ त्यानंतर बघा, तेव्हा तो काय बोलतोय ते कळेल.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी एकटा खेळतो, फार तर एक-दोघांबरोबर. अनोळखी लोकांशी स्पर्धा म्हणून खेळणार असाल तर यादीशिवाय टिकणार नाही, तिथे माझा भाऊ बरोबर आहे. त्या मंगळवारीही अलॉय त्याचेच जास्त होते. मी वर दिलेले सहा, तीन, चार हे २०१९चे आकडे आहेत, आजचे तुमच्या टूलटिपवरून घ्या. आणि हे सगळं कॉम्प्युटरवरच्या गेमबद्दल. कन्सोलवर असाल तर तिथली आवृत्ती मागे असते.

आणखी एक, सोडून द्यावंसं वाटलं तर सोडायच्या आधी. स्टीम या गेम विकणाऱ्या अ‍ॅपवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाज नावाचा विभाग आहे, तिथून जुन्या आवृत्त्या मिळतात. तुमची ३.x पण मिळेल. मी एकदा टाइलच्या काळातली आवृत्ती लावून बघितली होती, वही समोर ठेवून. चौकोन सगळे जुळले. एक रविवार छान गेला आणि सोमवारी मी परत नवीनवर आलो, कारण प्रत्येक माणूस स्वतः उचलून ठेवायचा मला कंटाळा आला होता.

आज नवीन गेम सुरू केलात तर २२००च्या पहिल्या दिवशी पॉज करून राजधानीवरचे सिव्हिलियन, मिनरल आणि ट्रेड हे तीन आकडे लिहून घ्या, आणि २२१०चे तेच तीन. दोन्ही खाली प्रतिक्रियेत टाका, मग तुमची माणसं कुठून उठली ते आपण बघू.