माया हे नाव कुणाचं?

चि. माया,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. निपाणीच्या टेलरकाकांनी आजीला "फ्रॉकला दोन बोटं माया ठेवतो" म्हटलं आणि तू दचकलीस म्हणे! वर विचारलंस, की इकडे जर्मनीत तुझ्या वर्गात एक माया क्रोएशियाची, एक इस्रायलची. मग हे नाव मराठी आहे तरी का?

आधी टेलरकाकांचं. शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवून कपडा सैल करायचा. आमचे परकर असेच वर्षानुवर्षं चालले. माया म्हणजे जीव लावणंही. आणि कुणी 'बक्कळ माया जमवली' म्हणालं तर समज, बोलणाऱ्याला त्या पैशाचा संशय आहे.

शब्द मूळचा संस्कृत. ऋग्वेदात माया म्हणजे अद्भुत शक्ती. पुढे शंकराचार्यांच्या वेदान्तात ती झाली भ्रम. बुद्धाच्या आईचं नावही मायादेवी. शेजारच्या कन्नड अज्जींना विचार, त्या 'माये' म्हणतील. बाराव्या शतकातले कन्नड संतकवी अल्लमप्रभू, त्यांचं वचन आहे: सोनं, स्त्री, जमीन यांना लोक माया म्हणतात, पण माया ती नव्हे, मनातली हाव हीच माया. मला तरी हे जास्त पटतं.

तुझ्या मैत्रिणींची नावं मात्र वेगळ्या वाटेनं आली. क्रोएशियात मारिया या नावाचं लाडकं रूप माया. हिब्रूत पाण्याला मायिम म्हणतात, म्हणून तिकडे ते नाव पाण्याशी जोडतात. ग्रीकांची माइआ ही हर्मिस देवाची आई, सात बहिणींतली थोरली. त्या सात बहिणी म्हणजे आपल्या कृत्तिका, आणि त्यातल्या एका ताऱ्याला आजही तिचंच नाव आहे. सध्या तिकडे पावसाचे ढग असतील. थंडीत इथून दाखवीन. रोमनांचीही एक माइआ होती. मे महिन्याचं नाव तिच्यावरून पडलं असं मानतात. मेक्सिको-ग्वाटेमालातले माया लोक आणखी निराळे. मयासुरानं तिकडे जाऊन त्यांची शहरं बांधली, असा फॉरवर्ड आपल्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी येतो. मामांशी वाद घालू नकोस, पण विश्वासही ठेवू नकोस. उच्चार जुळला म्हणजे नातं जुळलं असं नसतं.

तुझं नाव ठेवताना बाबांचा विचार एवढाच, की इथल्या शिक्षकांना ते नीट म्हणता यावं. पण बारशाला तुझ्या कानात 'कुर्रर्र' केलं ते आत्यानं, आणि तिच्या मनात होती चिंचलीची मायाक्का. चिंचली आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, रायबाग तालुक्यात. धनगरांच्या ओव्यांत मायाक्का ही बिरोबाची बहीण. यात्रेला सांगली-कोल्हापूरकडून माणसं येतात, कर्नाटकातूनही येतात, आणि 'मायाक्काच्या नावानं चांगभलं' म्हणताना कुणी कुणाची भाषा विचारत नाही. मराठी की कन्नड, हे तिथे तूही विचारू नकोस.

यात्रा माघात असते, तेव्हा तुझी शाळा. म्हणून आत्ताच आजीबरोबर दर्शन घेऊन ये. जाताना जुना ड्रेस घाल. भंडाऱ्याची हळद पांढऱ्या कपड्यावरून सहज निघत नाही.

तुझी,
आई