केस पेपरवर काय लिहिलंय ते आधी बघा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. किनवटहून ठेकेदारामार्फत चाकणला गेलेला धाकटा भाऊ, पॉवर प्रेसवर उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि आता ठेकेदार 40 हजार आणि स्टँप पेपर घेऊन खोलीवर चकरा मारतोय. माझं गाव उदगीरकडचं, प्रेस भोसरीतली, बाकी सगळं हेच. सही करू नका, वकील गाठा हे इतरांनी सांगितलंय, ते परत लिहीत नाही.

दवाखान्याच्या पहिल्या केस पेपरवर जखम कशी झाली म्हणून काय लिहिलंय, ते आजच्या आज वाचा. त्या वेळी माणूस कण्हत असतो, सोबत आलेला सुपरवायझर बोलतो, आणि ड्युटीवरचा डॉक्टर ते उतरवून घेतो. माझ्या कागदावर होतं, ‘घरी दरवाज्यात हात सापडून’. बोटांचा चपटा लगदा झालेला आणि म्हणे दरवाजा! आमच्या दहा बाय दहाच्या खोलीला पत्र्याचं दार होतं, वाऱ्याने उघडायचं.

हे मला कळलं डिस्चार्जनंतर, वकिलांनी कागद मागितले तेव्हा. मग त्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात खेटे सुरू झाले. खिडकीवरचा माणूस म्हणायचा, बिल कंपनीने भरलंय, कंपनीचं पत्र आणा. कंपनी म्हणायची, तू आमचा नाहीसच, ठेकेदाराचा आहेस. ठेकेदाराचा फोन बंद. परत खिडकीवर गेलं की ‘साहेब रजेवर’. हात माझा, ऑपरेशन माझं, आणि कागद बघायला परवानगी ज्याच्या मशीनने बोटं नेली त्याची! आजही त्या रस्त्याने जाताना डोकं फिरतं. शेवटी वकिलांनी लेखी पत्र दिलं. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमावलीत रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे असं आहे, ते त्यात लिहिलं. मग निघाले. तोवर प्रेसवर माझ्या शेजारी असलेला साक्षीदार बिहारला निघून गेला होता.

तुमच्या कागदावर असलंच काही असेल तर त्यावर खाडाखोड करून घेऊ नका, कोर्टात ती अंगावर येते. भावाच्या सहीने अर्ज द्या, खरा प्रकार लिहा, अर्ज दिला त्या दिवसाच्या तारखेने वेगळी नोंद करा म्हणा, आणि अर्जावर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोलिसांत जबाब झाला नसेल तर तोही द्या.

मला तारलं त्याच बिलाने. कोर्टाने विचारलं, घरच्या दरवाज्याचं बिल कंपनी का भरेल? तरी त्या एका ओळीवर विमा कंपनीचा वकील इतका ताणत राहिला की मी कंटाळून कमी रकमेवर तडजोड केली. म्हणून बिलाची प्रत, हजेरीच्या पंचिंगचा फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळं आत्ताच गोळा करा. सोबत काम करणाऱ्यांचे गावाकडचे नंबरही घ्या, इथली सिमं बदलतात.

रकमेचा अंदाज देतो, कारण 40 हजार ऐकून संताप आला. मी वकील नाही. माझी केस 1923 च्या भरपाई कायद्याखाली चालली. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा आजचे आकडे वकिलांकडून तपासा. जुन्या हिशेबात पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचे, त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; वय 24 असेल तर गुणक 218.47. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर कमाईची क्षमता 20 टक्के गेली असं धरायचे, म्हणून त्याचे 20 टक्के. गुणाकार केला की 3 लाख 93 हजारांच्या वर जातं. पेर राहिलं असेल तर टक्के कमी होतात. महिन्यात पैसे दिले नाहीत तर वर वर्षाला 12 टक्के व्याज. ‘तो ठेकेदाराचा माणूस’ हे उत्तरही चालत नव्हतं, मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने, भरायचं आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचं.

पण ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू असेल तर हा दावा करता येत नाही, तिथे बरा होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के आणि पुढे मेडिकल बोर्ड ठरवेल तशी दरमहा रक्कम मिळते. माझं मत विचाराल तर मिळत असेल तर तेच बरं, एकरकमी पैसे घरात टिकत नाहीत. कार्ड काढलंच नव्हतं म्हणतील. कार्ड काढणं मालकाचं काम आहे, त्यासाठी भावाचा हक्क जात नाही. अपघाताच्या दिवशीच संध्याकाळी घाईने नोंदणी झालेली असते कधीकधी, ती तारीख बघा.

केससाठी पुण्याला खोली धरून राहू नका. त्या जुन्या कायद्यात 1995 च्या दुरुस्तीपासून कामगार राहतो त्या भागातही दावा लावता येतो. मी गावाकडूनच लावला, नाहीतर येण्याजाण्यातच अर्धे पैसे गेले असते. मुदत जुन्या कायद्यात दोन वर्षं होती, पण तोवर थांबू नका.

आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी एवढ्यात धावू नका. सवलतींना बहुतेक ठिकाणी 40 टक्के लागतात, दोन बोटांत तेवढे भरणं कठीण. भरपाईचे टक्के वेगळ्या तक्त्यावरून काढतात.

केस पेपरचा फोटो इथे टाकू नका, भावाचं नाव-पत्ता सगळ्यांना दिसेल. त्यावरची ती ओळ फक्त टाइप करून लिहा, मी बघतो.