फॉन्ट उतरवला, पण यादीत दिसत नाही

प्रश्न : लिनक्सवर देवनागरी फॉन्टची झिप फाईल उतरवून डाऊनलोड्समध्येच उघडली. लिब्रेऑफिसच्या यादीत तो फॉन्ट येत नाही. शिवाय पूर्वी दुसऱ्या संगणकावर टाईप केलेली मराठी पत्रं इथे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. काय करू?
– एक वाचक

उत्तर : डाऊनलोड्समध्ये पडलेल्या फॉन्टकडे लिनक्स ढुंकूनही बघत नाही. त्याचे फोल्डर ठरलेले आहेत. होम फोल्डर उघडून कंट्रोल-एच दाबा, म्हणजे लपलेले फोल्डर दिसतील. त्यांत नावाआधी टिंब असलेला ‘लोकल’ शोधा. त्याच्या आत ‘शेअर’ आणि शेअरच्या आत ‘फॉन्ट्स’. हा शेवटचा पुष्कळदा नसतोच. मग आपणच करायचा, नाव इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान. झिपमधून काढलेल्या टीटीएफ किंवा ओटीएफ फाईली त्यात टाका. झिप तशीच ठेवून उपयोग नाही. ग्नोममध्ये (लिनक्सच्या एका डेस्कटॉपमध्ये) फॉन्टच्या फाईलवर दोनदा क्लिक केलंत तर नमुन्यासोबत इन्स्टॉलचं बटण दिसतं. तेही हेच काम करतं.

उठसूट सुडो, म्हणजे व्यवस्थापकाचे अधिकार देणारी आज्ञा, वापरून सिस्टीमच्या फोल्डरात फॉन्ट कोंबायची सवय मला पटत नाही. एकाच संगणकावर अनेकांची खाती असतील तरच त्याची गरज.

आता लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तरीही फॉन्ट आला नाही, तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, ‘fc-cache -f’ ही आज्ञा अशीच लहान अक्षरांत द्या. फॉन्टची नोंदवही नव्याने लिहिली जाते.

यादीत आला, निवडला, तरी अक्षर बदलत नाही, अशीही तक्रार पुष्कळांची असते. लिब्रेऑफिस रोमन मजकुराचा फॉन्ट वेगळा ठेवतं आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा. फॉरमॅट मेन्यूतल्या कॅरेक्टर खिडकीत हे दोन्ही रकाने दिसतात. आपला फॉन्ट ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआऊट’च्या रकान्यात लावा. तो रकानाच नसेल तर ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर जाऊन चालू करा. तिथेच भाषा मराठी ठेवा. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात आणि भाषा हिंदी राहिली तर ती उमटत नाहीत. मला तो हिंदी ‘ल’ मराठी पत्रात अजिबात बघवत नाही.

राहिली जुनी पत्रं. त्यांचं दुखणं निराळं आहे, नवा युनिकोड फॉन्ट टाकून ते बरं होणार नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत. युनिकोडपूर्व फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फाईलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच आहेत, मराठी दिसायची ती फॉन्टमुळे. तेव्हा नुसतं वाचायचं असेल तर तो जुनाच फॉन्ट मिळवून वरच्या फोल्डरात टाका. शोधायला, दुरुस्त करायला हवं असेल तर त्या विशिष्ट फॉन्टसाठी केलेला परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. नंतर ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाईप होई आणि रफार अक्षरानंतर; युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा. ‘वर्षी’, ‘मार्मिक’ असले शब्द तिथेच फसतात. तपासून होईपर्यंत मूळ फाईली पुसू नका.