दर ठरवण्याआधी प्लॉटवर दोन खड्डे घ्या

प्रश्न असा आहे: पुण्याजवळ वाघोलीच्या पुढे दोन गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे, खाली-वर मिळून दोन हजार फुटांचा बंगला बांधायचाय, कॉन्ट्रॅक्टर 'विथ मटेरियल', म्हणजे साहित्यासह, चौरस फुटाच्या दराने काम मागतोय. दर किती असावा आणि करारात काय लिहून घ्यावं? वाद झाला तर महारेराकडे (राज्याच्या बांधकाम नियामक प्राधिकरणाकडे) जाता येतं का?

दराचं नंतर बघू. तुम्ही पत्रात सिमेंटचा ब्रँड लिहिलाय, टाइल्सचा आकार लिहिलाय, पण जमिनीत किती फुटांवर मुरूम लागतो हे कुठेच नाही. फुटाच्या दराने दिलेल्या कामात पहिलं भांडण पायाच्या कामातच होतं, आणि तोवर तुमची बुकिंगची रक्कम कॉन्ट्रॅक्टरकडे गेलेली असते.

मांजरीकडच्या एका साइटचं सांगतो. मालकाच्या बाजूने देखरेख माझ्याकडे होती, पण करारावर सह्या झाल्यावर मला बोलावलेलं. कोटेशनमध्ये पायाबद्दल एकच ओळ: 'फुटिंग ५ फूट खोलीपर्यंत'. फुटिंग म्हणजे कॉलमखालची काँक्रीटची रुंद बैठक. बारा कॉलम, स्लॅब एरिया दोन हजार फूट, म्हणजे तुमच्याएवढंच काम. जेसीबीने पाच फूट खणलं आणि तळाला काळी मातीच. फावड्याने कापली की कापलेली बाजू चकाकायची, चिमूटभर ओली करून तळहातावर वळली की दोऱ्यासारखी वात व्हायची. पहार नुसती सोडली तरी वीतभर आत जायची. अशा मातीवर फुटिंग ठेवायचं नसतं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, घर त्याबरोबर वर-खाली होतं आणि दोन-तीन वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. त्या पुट्टीने बुजत नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात परत येतात.

आणखी खाली गेलो. साडेसहा फुटांवर पिवळसर मऊ मुरूम आला, आठ फुटांवर पहार वाजली. कडक मुरूम.

आता तीन फूट खोली वाढली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "साहेब, जमिनीच्या पोटातलं मला काय दिसतंय का? फुटाला साठ रुपये वाढवून द्या." दोन हजार फुटांवर साठ रुपये म्हणजे १,२०,०००. मालक हो म्हणायच्या बेतात होते, कारण खड्डे उघडे होते आणि जूनचा पहिला आठवडा सुरू होता. माझं म्हणणं तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे: पाया खोल गेला म्हणून वरच्या मजल्याच्या फरशीचा दर वाढत नाही. जे वाढलं तेवढंच मोजायचं.

मोजून दाखवतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. फुटिंग ५ बाय ५ फुटांचं, काम करायला चारही बाजूंनी एकेक फूट, म्हणून खड्डा ७ बाय ७. जादा खोली ३ फूट. एका खड्ड्याला १४७ घनफूट, बारांचे १,७६४ घनफूट, म्हणजे साडेसतरा ब्रास खोदाई (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). कॉलम ९ बाय १८ इंच. ३ फूट उंचीचे बारा तुकडे म्हणजे साधारण ४० घनफूट काँक्रीट, एम २० या प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या नऊ-दहा गोण्या. प्रत्येक कॉलमला १६ एमएमच्या आठ सळया, १.५८ किलो मीटरला, म्हणजे १३९ किलो. ८ एमएमच्या रिंगा ६ इंचांवर धरल्या तर आणखी ३५ किलो. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे, १६२ चौरस फूट. आणि भराव सतरा ब्रास, कुटून बसलेला. गाडीवर मोजून येणारा मुरूम याहून जास्त लागतो, कारण तो सुटा असतो. सगळ्याला त्या वेळचे बाजारभाव लावले, वर कॉन्ट्रॅक्टरचा नफा धरला, तरी आकडा मागणीच्या निम्म्याच्या थोडा वर आला.

ते पटल्यावर त्याने दुसरा उपाय काढला: "तीन फूट मुरूम टाकून कुटून देतो, त्यावर फुटिंग बसवू, कशाला एवढा खर्च." यावर मी अडून बसलो आणि त्यावरून बरंच ऐकून घेतलं. सात फुटांच्या खड्ड्यात, कडेला ओली काळी माती असताना, तीन फुटांचा भराव सगळ्या बारा ठिकाणी सारखा बसवणं घरगुती कामात होत नाही. एक फुटिंग अर्धा इंच जास्त बसलं की वरचा बीम चिरतो. करायचं असेल तर दोन रस्ते आहेत. एक, फुटिंगच कडक मुरमावर खाली न्यायचं. दुसरा, कडक मुरमापासून ठरलेल्या लेव्हलपर्यंत प्लम काँक्रीट, म्हणजे दगड घातलेलं साधं काँक्रीट भरायचं आणि फुटिंग मूळ जागीच ठेवायचं. कुठला घ्यायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं. कॉन्ट्रॅक्टरने नाही आणि मीही नाही. कारण फुटिंग खाली गेलं की फुटिंगपासून प्लिंथ बीमपर्यंत (जोत्याच्या पातळीवरच्या बीमपर्यंत) कॉलमची मोकळी उंची वाढते. आठ फूट खाली आणि दोन फूट जोतं धरलं तर ती वरच्या मजल्याएवढी होते. तिथे मधे जमिनीलगत आणखी एक बीम लागू शकतो किंवा कॉलमचं स्टील बदलू शकतं. इंजिनिअरला हे न विचारता पुढे गेलेल्या साइट मी पाहिल्यात.

तर करार करण्याआधी जेसीबी बोलवा. प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, जिथे कॉलम येणार नाहीत अशा जागी, पहार वाजेपर्यंत खणा. जवळ विहीर असेल तर तिच्या कडेने थर दिसतात, तेही बघा. टेप खड्ड्यात सोडून, आकडा दिसेल असा फोटो काढा. इंजिनिअरला खड्ड्यापाशी आणा, नुसते फोटो पाठवून भागवू नका. खाली-वर दोन मजल्यांच्या घराला एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. भरावाची जमीन किंवा ओढ्याकाठचा प्लॉट असेल तर मात्र बोअर घेऊन माती परीक्षण करा. अर्ध्या दिवसाचं जेसीबीचं भाडं हा घराच्या खर्चातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

मग करारात हे वाक्य घाला: 'दरामध्ये अमुक फूट खोलीपर्यंतचा पाया समाविष्ट. खोली वाढल्यास किंवा कमी झाल्यास खोदाई, काँक्रीट, सळई, सेंट्रिंग व भराव यांचे मोजमाप करून सोबतच्या दरपत्रकाप्रमाणे हिशेब.' दरपत्रक तेव्हाच जोडून घ्या, खड्डा उघडा असताना दर ठरत नसतात. आणि 'कमी झाल्यास' हे शब्द सोडू नका. बावधन, सूससारख्या टेकडीच्या अंगाच्या प्लॉटवर तीन-साडेतीन फुटांवरच कातळ लागतो. तिथे खोली वाचते, पण ब्रेकर (कातळ फोडायचं यंत्र) लावावा लागतो आणि त्याचे तास वेगळे मोजायचे असतात. तेही दरपत्रकात हवं.

काळी माती निघाली ती जोत्यात भरायला देऊ नका. 'आहे तीच माती वापरू, वाहतूक वाचेल' असं नक्की सुचवलं जाईल. बागेसाठी दोन गाड्या ठेवा, बाकी उचलून न्यायची आणि जोत्यात मुरूमच. सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून, कुटून. दोन फूट एकदम टाकून वर पाणी सोडलं की वरचे सहा इंच बसतात आणि खालचं तसंच राहतं. पहिल्या पावसाळ्यानंतर फरशी पोकळ वाजते ती यामुळे.

बाकी गोष्टी थोडक्यात, कारण त्या सगळ्यांना माहीत असतात आणि तरी पैसे आधी दिले जातात. पैसे झालेल्या कामावर द्यायचे, आणि काम झाकलं जाण्याआधी कुणीतरी जाणत्याने बघितलेलं असायला हवं: फुटिंगची जाळी, कॉलमच्या रिंगा (हूक १३५ अंशात आत वळलेले, काटकोनात सोडलेले नाहीत), स्लॅबची सळई आणि तिच्याखाली अंतर राखणारे २० एमएमचे कव्हर ब्लॉक, भिंतीतले पाइप, संडास-बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर ४८ तास साठवलेलं पाणी. अॅडव्हान्स दहा टक्क्यांच्या वर नको आणि तो पुढच्या बिलांतून वळता व्हायला हवा. जोत्यापर्यंत एकूण रकमेच्या पंधरा टक्क्यांहून जास्त गेलेले असू नयेत. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा काढून मग सोडायचे. स्लॅबच्या दिवशी आरएमसीच्या (प्लँटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) गाडीत पाणी घालू देऊ नका. माल घट्ट वाटला तर प्लँटच्या माणसाला फोन लावा. आणि पोर्टलँड पोझोलाना सिमेंट असेल तर स्लॅबवर आळी करून पाणी किमान दहा दिवस, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये चौदा.

आता दर. आकडा मी सांगणार नाही, कारण एकाच प्लॉटवर दोघांचे दर फुटाला तीनशेने वेगळे असतात आणि महाग दिसणारा स्वस्त निघतो. दोघांकडून हेच लिहून आणा: फूट म्हणजे कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) की स्लॅब एरिया, जिन्याचं हेडरूम, बाल्कनी, छज्जा, पॅरापेट कसे मोजले, जमिनीतली पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि कंपाउंड वॉल आत आहे की बाहेर, मजल्याची उंची १० फूट की ११, जोतं किती फूट, टाइल्सचा बेसिक रेट किती, खोलीगणिक लाइटचे पॉइंट किती. हे एका कागदावर शेजारीशेजारी मांडलं की दर आपोआप कळतो. जीएसटी दरात आहे का तेही विचारा: साहित्यासह करारावर तो १८ टक्के लागतो, एकट्या घराच्या निव्वळ लेबर करारावर माफ आहे.

आणखी एक, तुम्ही महारेराचं विचारलंय म्हणून. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी घर बांधून घेताना कॉन्ट्रॅक्टर हा प्रवर्तक (घरं बांधून विकणारा बिल्डर) नसतो, त्यामुळे तिथे दाद लागत नाही. ग्राहक आयोगाकडे जाता येतं, घरबांधणी ही त्या कायद्याच्या व्याख्येत सेवा आहे. पण तिथेही पहिल्यांदा करारच मागतात.

कॉन्ट्रॅक्टरची बाजूही सांगायला हवी. मांजरीचा तो माणूस चोर नव्हता. त्याचं सेंट्रिंग ओळंब्यात होतं आणि सळईच्या वजनात किलोचाही फरक आला नाही. जमिनीतलं दिसत नाही हे त्याचं म्हणणं खरंच होतं. म्हणूनच ते आधी बघायला हवं होतं, आणि तो खर्च मालकाने करायचा असतो, कॉन्ट्रॅक्टरने नाही.

तुमचं काम पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होणार असेल तर खोदाई दिवाळीनंतर धरा. काळ्या मातीच्या खड्ड्याच्या कडा एका पावसात ढासळतात, तळाला चिखल साचतो आणि तो पूर्ण खरवडून कोरड्या मुरमापर्यंत गेल्याशिवाय पीसीसी (फुटिंगखालचा साध्या काँक्रीटचा थर) टाकायचं नसतं. चाचणीचे दोन खड्डे मात्र आत्ताच घ्या, आणि फोटो काढून झाले की बुजवून टाका. वस्तीतली मुलं खेळायला येतात.