दाढ अर्धी तुटली आहे, पण दुखत नाही. काढून टाकू की रूट कॅनल करू?

तुम्ही लिहिलंय की खालची दाढ अर्धी तुटली, आठवडाभर रात्री ठणकत होती आणि आता आपोआप थांबली. ऐरोलीतले डॉक्टर रूट कॅनल आणि वर कॅप सांगताहेत. वडील म्हणतात, दुखत नाही तर खर्च कशाला, फारच झालं तर उपटून टाक.

मी डेंटिस्ट नाही. माझ्या तोंडात एक काढलेल्या दाढेची रिकामी जागा आहे आणि एक वाचवलेली दाढ आहे, एवढीच काय ती पात्रता.

आधी त्या 'आपोआप थांबली'बद्दल. माझंही अगदी असंच झालं होतं. 2019च्या संक्रांतीला गुळाची चिक्की चावताना उजवीकडच्या खालच्या दाढेची, जुनं चांदीचं फिलिंग होतं तिची, आतली भिंत कट्‌कन गेली. गार पाणी लागलं की कळ यायची आणि पाणी गिळून झालं तरी मिनिटभर रेंगाळायची. मग गरम चहानेही. मग आडवं पडलं की ठणका सुरू, बसलं की जरा कमी. लवंगेचं तेल, पेनकिलर, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, सगळं करून झालं. एका सकाळी उठले तर दुखणं गायब. गोळ्या लागू पडल्या असंच वाटलं. होळीच्या आदल्या दिवशी गाल सुजला.

ठाण्याच्या डॉक्टरांनी एक्सरे दाखवला, मुळाच्या टोकाशी काळसर डाग होता. म्हणाले, "दुखायचं थांबलं त्या दिवशी नस मेली होती, ताई." मेलेली नस कळ पाठवत नाही, पण आतले जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात. नस मेली की तिथला रक्तपुरवठाही संपतो, त्यामुळे गोळीतलं औषध दाढेच्या आत पोचतच नाही. तुमचंही हेच झालंय असं मी इथून छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण डॉक्टरांनी दाताला गार लावून बघितलं, एक्सरे काढला आणि मग रूट कॅनल म्हटलं असेल, तर 'दुखत नाही' हा मुद्दा वडिलांनी सोडून द्यायला हवा.

आता उपटण्याबद्दल. डावीकडची दाढ मी 2011 साली काढली. दहा मिनिटांत मोकळी झाले, पैसेही किरकोळ. तोंडात सगळे दात असताना एकाने काय फरक पडतो? पुढच्या काही वर्षांत मागची दाढ त्या खड्ड्याकडे कलली. वरची दाढ, समोर टेकायला कोणी उरलं नाही म्हणून, हळूहळू खाली उतरली. आता तिथे मेथीची भाजी हटकून अडकते. नंतर इम्प्लांटची, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या कृत्रिम दाताची, चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं की दात बसवायला आधी जागा करावी लागेल. म्हणजे त्या दाढेत वाचवलेला खर्च पुढे दुप्पट होऊन दारात उभा.

रूट कॅनलची भीती मला ऐकीव गोष्टींनी घातली होती. प्रत्यक्षात भुलेची सुई टोचली तेवढंच. दाताभोवती रबराची निळी चादर ताणून बसवतात, म्हणजे थुंकी आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. मग केसाएवढ्या बारीक फाइल्सनी मुळातल्या नळ्या साफ करतात आणि सोडियम हायपोक्लोराइटने धुतात; घरात कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्येही तेच रसायन असतं. खालच्या पहिल्या दाढेला मुळं बहुधा दोन, पण नळ्या तीन, कधी चार. माझ्या चार निघाल्या. एक जरी सुटली तरी जंतू तिथेच राहतात, म्हणून डॉक्टर घाई करत नसतील तर कुरकुर करू नका. शेवटी त्या नळ्यांत गट्टा पर्चा भरतात. हा मलेशियाकडच्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांना याचंच वेष्टण असायचं. तोंडात तीन सिटिंग ताटकळत 'आ' करून बसल्यावर असली माहिती फार गोड लागते.

नस काढल्यावर दात मरतो, मग ठेवून काय उपयोग, हा आमच्या सासऱ्यांचा प्रश्न. पूर्ण वाढलेल्या दाताला आतली नस नसली तरी चालतं. त्याला धरून ठेवणारे धागे आणि हाड बाहेरून जिवंत असतात.

तरीही प्रत्येक दाढ वाचवण्यासारखी नसते. तुम्ही डॉक्टरांना एकच विचारा: हिरडीच्या वर धड दात किती उरलाय? कॅपला पकड मिळायला सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर भिंत हवी. तेवढी नसेल, किंवा मूळच उभं तडकलं असेल, तर रूट कॅनलवर पैसे घालू नका, काढलेलीच बरी. तुमची दाढ नेमकी कुठवर तुटलीय यावर सगळं आहे, आणि ते फोटोवरून कळत नाही.

खर्च ही अडचण असेल तर नेरुळ आणि कामोठे इथल्या डेंटल कॉलेजांत विचारून बघा. शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात, खाजगीपेक्षा स्वस्त पडतं, वेळ मात्र जास्त जातो. नेरुळला ऐरोलीहून ट्रान्सहार्बर लोकलने सरळ जाता येतं.

कॅप मात्र लांबवू नका. माझ्या भावाने रूट कॅनल केलं, दुखणं गेलं, 'कॅप दिवाळीनंतर' म्हणाला. गणपतीत खारे शेंगदाणे खाताना दाढ मधोमध चिरली, थेट मुळापर्यंत. काढावीच लागली. आत पोकळ करून भरलेली दाढ चावण्याचा दाब एकटी पेलत नाही.

सूज गळ्याकडे उतरली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि कॅप बसवताना डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात, तेव्हा लाजून 'ठीक आहे' म्हणू नका. मी म्हटलं होतं, आणि चार दिवस भाकरी एकाच बाजूने चावली. किंचित उंच लागत असेल तर खुर्चीतून उठायच्या आत सांगा, दोन मिनिटांत घासून देतात.