कॅमेरा कंपन्या सगळीकडे मोठा सेन्सर का बसवत नाहीत, आणि लेन्ससाठी प्रतिस्पर्ध्याशी हातमिळवणी का करतात?

कारण खरा निर्णय सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा नसून माउंटचा, म्हणजे लेन्स जिथे बॉडीला अडकते त्या कड्याचा असतो. सेन्सर पुढच्या मॉडेलमध्ये बदलता येतो, पण माउंट बदलला की गिऱ्हाइकाने घेतलेल्या सगळ्या लेन्स अडकतात.

आधी खर्च बघू. फुल फ्रेम हा मोठा सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौ. मिमी. फोर थर्ड्स हा छोटा १७.३ × १३ मिमी, म्हणजे जेमतेम २२५. वेफरवर, म्हणजे चिप ज्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, मोठे तुकडे कमी बसतात हे उघडच आहे, पण एका बारीक दोषापायी वाया जाणारा तुकडाही तेवढाच मोठा असतो. शिवाय चिप छापणाऱ्या नेहमीच्या यंत्राची चौकट साधारण २६ × ३३ मिमीची. ३६ मिमी तिच्यात मावत नाही, मग दोनदा छापून सांधा जुळवायचा किंवा मोठ्या चौकटीचं खास यंत्र वापरायचं. एपीएस-सी हा मधल्या मापाचा सेन्सर एका दमात छापून होतो.

लेन्स जुन्या असल्या की त्रास आणखी वाढतो. लायकाच्या एम लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसतात, त्यामुळे कडेचे किरण तिरके पडतात. म्हणून २००६च्या एम८ या डिजिटल कॅमेऱ्यात कोडॅकचा २७ × १८ मिमीचा सेन्सर आला आणि त्यावरची फिल्टरची काच अगदी पातळ ठेवली. तिच्यातून इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) झिरपलं आणि काळं सिंथेटिक कापड जांभळट दिसायला लागलं. उपाय म्हणून लेन्सवर वेगळा फिल्टर चढवावा लागला.

आता भागीदारी. २००८मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने मायक्रो फोर थर्ड्स हा नवा माउंट आणताना कॅमेऱ्यातला आरसा काढला आणि माउंट ते सेन्सर अंतर ३८.६७ वरून १९.२५ मिमीवर आणलं. कॅमेरे छान आटोपशीर झाले, पण त्या लेन्सचं इमेज सर्कल, म्हणजे लेन्स पाडते ते प्रतिमेचं वर्तुळ, छोट्या सेन्सरपुरतंच. उलट लायकाने २०१४मध्ये टी मॉडेलात एपीएस-सी सेन्सर घातला, तरी माउंटचं तोंड ५१.६ मिमी ठेवलं. पुढच्याच वर्षी त्याच माउंटवर फुल फ्रेमचा एसएल कॅमेरा उभा राहिला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत दूरदर्शी निर्णय. पॅनासॉनिकला फुल फ्रेममध्ये उतरायचं होतं तेव्हा नव्या माउंटसाठी शून्यापासून लेन्स बनवण्याऐवजी त्यांनी २०१८मध्ये लायका आणि सिग्माबरोबर हाच एल-माउंट धरला.

माउंट एक म्हणजे सगळं चालेल, असं मात्र धरू नका. पॅनासॉनिकच्या १५ मिमी एफ/१.७ लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग (प्रकाशाचं भोक लहानमोठं करणारी कडी) ऑलिंपसच्या बऱ्याच बॉडींवर नुसतीच फिरते, अ‍ॅपर्चर बॉडीवरूनच बदलावं लागतं. लेन्स आणि बॉडीचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी यंत्रणा, एकत्र चालवायची असेल तर बहुधा दोन्ही एकाच कंपनीचे लागतात. वेगळ्या ब्रँडची लेन्स घेण्याआधी या दोन गोष्टी तुमच्या बॉडीवर लावून तपासा.